शून्याखालचे तीन लिटर

"जे असेल तेच दाखवायचं. एक रेघ जास्त नाही, एक रेघ कमी नाही. लोक याच्या भरवशावर घराबाहेर पडतात."

जन्मल्यावर माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द. कारखान्यातल्या एका लांब टेबलाशी जाड चष्म्याची एक बाई बसत असे. तिने मला दोन बोटांत धरले, माझ्यावर हलकी फुंकर घातली आणि शेजारच्या नव्या मुलीला काम शिकवता शिकवता ती हे बोलली. बोलली ती त्या मुलीला, पण मी ते माझ्यासाठीच ठेवून घेतले.

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुतणारा नव्हे आणि तराजूचाही नव्हे. मोटारसायकलच्या हँडलवर, गोल काचेच्या आड बसून टाकीत पेट्रोल किती उरले ते सांगणारा, काडेपेटीतल्या काडीहून आखूड असा मी केशरी काटा. आता माझा रंग उडाला आहे, काचही पिवळी पडली आहे. तरी दर शनिवारी एक बाई येते. चालताना तिचा डावा पाय किंचित मागे राहतो. ती मऊ फडक्याने माझी काच पुसते आणि निघून जाते. ती कोण, हे सांगायचे तर आधी तिच्या आईबाबांचे सांगायला हवे.

मी एकट्याने काही करू शकत नाही. टाकीच्या तळाशी माझा भाऊ राहतो. त्याला तारेचा एकच हात आणि हाताच्या टोकाला तरंगणारा पोकळ गोळा. पेट्रोल चढले की त्याचा हात वर, उतरले की खाली. तो वायरीतून निरोप धाडतो आणि मी हलतो. टाकी भरलेली असली की मी वरच्या पांढऱ्या रेघेवर, रिकामी झाली की तळच्या लाल रेघेवर. आम्ही दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवूनच आमचा जन्म गेला.

माझा पहिला मालक माझ्याकडे बघतसुद्धा नसे. गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची आणि टाकीला कान लावून खळखळ ऐकायची, ही त्याची रीत. मी काचेआड ताटकळत राही. पाच वर्षांनी त्याने गाडी विकली आणि मी भिंगरीच्या घरी आलो.

भिंगरी ही नऊ वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिचे बाबा जवळच्याच बेकरीत भट्टीवर काम करत, तिथे ते पायीच जात. त्यांच्या बोटांना ताज्या पावाचा वास असे. गाडी घरी आणली त्या दिवशी त्यांनी अंगठ्याने माझी काच पुसली आणि म्हणाले, "आता सगळं तुझ्यावर हं." या गाडीला रिझर्व्हची कळ नव्हती, त्यामुळे ते खरेच माझ्यावर होते. भिंगरीची आई लाँड्रीत इस्त्री करायची. दोन खोल्यांचे घर. गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राही. घरातले एकही बोलणे माझ्या कानांतून सुटत नसे.

त्याच खिडकीतून मला एक घड्याळ दिसे. ते दहा मिनिटे पुढे होते. भिंगरीच्या आईनेच ते तसे ठेवले होते. नवऱ्याला कामावर उशीर होऊ नये, बोलणी बसू नयेत, एवढाच तिचा हेतू.

मग एक दिवस भिंगरी जिन्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून तिला हाडांच्या इस्पितळात ठेवले. इस्पितळ डोंगरावर, घरापासून एकशे वीस किलोमीटर. भेटायची वेळ फक्त शनिवारी, चार ते पाच. बस सकाळी एकदाच जाई आणि बाबा भट्टीवरून सुटत अकराला. आईला शनिवारी सुट्टी मिळत नसे, आठवड्याच्या कपड्यांचा ढीग त्याच दिवशी येई. म्हणून दर शनिवारी बाबा आणि मी.

भिंगरीचा पलंग इस्पितळाच्या खिडकीशीच होता. खाली गाडी लावली की वरून हाक येई. निघताना बाबा तीनदा दिवा लावून विझवत. त्याचा अर्थ, पुढच्या शनिवारी येतो. एकदा ती खिडकीतूनच ओरडून म्हणाली, "बाबा, प्लास्टर काढल्यावर मी पहिलं पाऊल टाकेन ना, तेव्हा समोर तुम्ही पाहिजेत. सिस्टर नकोत, त्या उगाच टाळ्या वाजवतात."

"मी असेन."

"चार म्हणजे चार हं. तुमच्या भट्टीसारखं नको. जरा अजून, जरा अजून."

"चार म्हणजे चार," बाबा म्हणाले.

माझी टाकी नऊ लिटरची. जाऊन येऊन दोनशे चाळीस किलोमीटर काही त्यात होत नसत, पण वाटेत निम्म्यावर एक पंप होता. तो पंप एके दिवशी बंद पडला, नळ्यांवर धूळ साचली आणि दाराला कुलूप लागले. डोंगरावर तर पंपच नाही. त्या शनिवारी परतताना बाबांना शेवटचे अंतर गाडी ढकलत यावे लागले. घरी आले ते घामाने निथळत. ताट वाढता वाढता भिंगरीच्या आईचा हात थांबला.

मागच्या गल्लीत एका मिस्त्रीचे गॅरेज होते. त्याने भंगारातल्या एका मोठ्या गाडीची सोळा लिटरची टाकी शोधून आणली. दोन पट्ट्या जोडल्या, सीट चार बोटे मागे सरकवली आणि ती माझ्या गाडीवर बसवली.

"गाडीला पोट सुटलं," बाबा म्हणाले.

"खातापिता संसार आहे, सुटणारच," मिस्त्री म्हणाला.

पण आता आमची पंचाईत झाली. नवी टाकी उंच आणि माझ्या भावाचा हात आखूड. वरपर्यंत पोचेचना. निम्मे पेट्रोल संपले तरी तो हात उंच करून बसलेला, आणि मी आपला पांढऱ्या रेघेवर. मग एकदम दोघेही धाडकन खाली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे सांगत होतो आणि मला ते कळत होते. मित्रांनो, याच्याइतके वाईट दुसरे काही नसते.

"मिस्त्री, काटा उपाशी आहे का तुमचा? साठ किलोमीटर गेलो, जागचा हलला नाही."

"काट्याला बोलू नका. बापाच्या सदऱ्यात पोराचा हात घातलाय आपण. रविवारी या, मापात बसवून देतो."

रविवारी दोघे नवराबायको गॅरेजवर आले. मिस्त्रीने टाकी रिकामी केली, भावाला बाहेर काढून त्याचा हात लांब केला आणि एक लिटरचे माप घेऊन बसला. एकेक माप ओतायचे आणि मी कुठे येतो ते पाहायचे. एक वायसर कमी पडला म्हणून बाबा तो आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तेवढ्यात भिंगरीची आई हळूच पुढे झाली.

"भाऊजी, एक विचारू? टाकीत थोडं असतानाच हा रिकामी दाखवेल, असं करता येतं का?"

"येतं की. हात जरा वर वाकवला की झालं. पण कशाला?"

"म्हणजे हे आधीच भरून घेतील. परवासारखं ढकलत यायला नको."

"वहिनी, हा पेट्रोलचा काटा आहे. घरातलं घड्याळ नव्हे."

"घड्याळपण मी दहा मिनिटं पुढे ठेवते," ती म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले. "आणि त्यांना माहीत आहे?"

"नाही. आणि हेही सांगू नका."

मिस्त्रीने डोके खाजवले. मग भावाचा हात वर वाकवला. आता टाकीत तीन लिटर उरले की मी लाल रेघेवर येणार आणि तिथेच पडून राहणार. चष्मेवाल्या बाईचे शब्द मला आठवले. पण भिंगरीच्या आईचा चेहराही माझ्यासमोर होता. काय करणार? काट्याला नाही म्हणता येत नाही.

त्यानंतर ती शनिवारी निर्धास्त असे. आणि बाबा? तिसऱ्याच फेरीत परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. पेट्रोल जास्त जळाले आणि घरापासून वीस किलोमीटरवर मी लाल रेघेला टेकलो. आता थांबणार, असे धरून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तरी गाडी चालतच राहिली, गावचा पंप आला आणि सोळा लिटरच्या टाकीत चौदाच लिटर बसले. दोन शिल्लक होते, एक लाल रेघेनंतर जळलेले.

बाबांनी माझ्याकडे टक लावून पाहिले. मग टाकीवर थोपटून ते स्वतःशीच हसले. "हे हिचंच काम. घड्याळासारखं."

घरी गेल्यावर मात्र ते गप्प राहिले. त्या दिवसापासून घड्याळातून दहा मिनिटे वजा करावीत, तसे ते माझ्यात तीन लिटर मिळवू लागले. असे आमचे सुखात चालले होते. तिला वाटे त्यांना माहीत नाही, त्यांना वाटे तिला कशाला दुखवा, आणि मी दोघांच्या मध्ये वाकडा.

मग इस्पितळातून निरोप आला. प्लास्टर निघणार. शनिवारी चार वाजता भिंगरीला पायावर उभे करणार.

भिंगरीच्या आईचा एक स्वभाव होता. रोज कामावर जाण्याआधी ती दिवा लावी आणि दिवसासाठी एखादा लहानसा नेम धरी. आज कुणावर चिडायचे नाही. आज उरलेले अन्न टाकायचे नाही. हा निरोप आला त्या शुक्रवारी तिने मोठा नेम धरला: पोर चालू लागेपर्यंत आपल्या तोंडून किंवा हातून खोटे काही होऊ द्यायचे नाही.

हात जोडून तिने मान वर केली आणि समोर घड्याळ होते.

 मग स्टुलावर चढून तिने ते दहा मिनिटे मागे केले. त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बाबा झोपलेले असताना, तिने गाडी स्वतः ढकलत गॅरेजवर आणली.

"भाऊजी, याचा हात सरळ करून द्या. जे असेल तेच दाखवू दे."

मिस्त्रीने पुन्हा टाकी उतरवली, पुन्हा माप घेऊन बसला. मी लिटरमागून लिटर खरे सांगत गेलो. खूप दिवसांनी अंग मोकळे झाल्यासारखे वाटले. सगळे आटोपल्यावर तो म्हणाला, "आता दादांना सांगा मात्र."

"सांगते."

पण सांगायचे म्हणजे आधीचे सगळे कबूल करायचे. पुढे खोटे न बोलण्याचा नेम सोपा होता, मागचे बोलून टाकणे अवघड. संध्याकाळी दोनदा तिने "अहो" म्हटले. पहिल्यांदा मीठ पुढे केले, दुसऱ्यांदा "काही नाही" म्हणाली. शनिवारी पहाटे बाबा भट्टीवर निघाले तेव्हा उंबऱ्याशी येऊन एवढेच म्हणाली, "आज टाकी भरून घ्या हं."

"घेतो," बाबा म्हणाले.

अकराला भट्टीवरून सुटून आल्यावर बाबांनी आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला. घड्याळात बारा चाळीस झाले तेव्हा ते नेहमीसारखे निघाले. त्यांच्या हिशेबाने साडेबारा झाले होते. चावी फिरवताच मी उठलो आणि पाव टाकीच्या किंचित वर जाऊन थांबलो. परवापेक्षा मी वर आहे हे त्यांच्या लक्षात आले. "हिनं मिस्त्रीकडून थोडं भरून आणलेलं दिसतंय," ते पुटपुटले. तिच्या मायेचे त्यांना कौतुक वाटले.

पंपावर नुकताच टँकर येऊन लागला होता. मध्ये दोर बांधलेला.

"तासभर बंद. टँकर उतरल्याशिवाय देता येत नाही," पंपावरचा माणूस म्हणाला. "दहा मिनिटं आधी आला असतात तर भरून दिलं असतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. पाव टाकी, अधिक शून्याखालचे तीन लिटर. पोचायला पुष्कळ. परतीचे तिथे कुणाकडे तरी मिळेल. चार म्हणजे चार. त्यांनी गाडी वळवली.

मित्रांनो, तो रस्ता मी विसरणार नाही. मी खाली खाली येत होतो. नव्वद किलोमीटरवर मी लाल रेघेच्या अगदी जवळ आलो, शंभराला तिच्यावर टेकलो. यापेक्षा मोठ्याने मला ओरडता येत नाही. बाबांनी मान खाली घालून मला पाहिले आणि मायेने हसले.

"दाखव बाबा, दाखव. तुझं नेहमीचंच."

मी खरे सांगत होतो आणि ते हसत होते.

इस्पितळ दहा किलोमीटर राहिले असताना, चढाच्या सुरुवातीला इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले. बाबांनी टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा आत.  त्यांनी हँडल धरले आणि चढावर ढकलायला सुरुवात केली. स्वच्छ शर्ट पाठीला चिकटला. दीड तासाने एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली, त्याने गाडी ट्रॉलीत चढवून घेतली.

फाटकावरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटे झाली होती.

"वेळ संपली," रखवालदार म्हणाला.

"आज तिचं पहिलं पाऊल होतं हो."

"मला सोडायला काय जातंय? पण नियम मी केलेले नाहीत."

इतक्यात एक सिस्टर बाहेर आल्या. बाबांना त्यांनी ओळखले. "तुम्हीच का ते? अहो, तिनं पाऊल टाकलंच नाही. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून तासभर बसली. बाबा आल्याशिवाय नाही, म्हणाली. डॉक्टरांनी किती समजावलं. शेवटी ते म्हणाले, राहू दे, पुढच्या शनिवारी बघू."

बाबा खिडकीखाली आले. वर भिंगरीचा चेहरा होता. ती रडली नाही, हाकही मारली नाही. नुसती बघत राहिली. बाबांनी चावी फिरवली आणि तीनदा दिवा लावून विझवला. मी शून्यावर होतो. वर, खूप उशिराने, एक हात हलला.

रखवालदाराने नियम मोडला नाही, पण जनरेटरसाठी ठेवलेला पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन न बोलता आणून आमच्या टाकीत रिता केला.

घरी पोचलो तेव्हा भिंगरीची आई दारातच उभी होती.

"चालली का?"

"मी पोचलोच नाही गं वेळेवर. पेट्रोल संपलं."

"काटा दाखवत नव्हता?"

"दाखवत होता. मीच मानलं नाही."

ती भिंतीला टेकली. "मी कालच सरळ करून घेतला तो. आधी वाकडा होता. मीच करवला होता."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या फेरीपासून."

ती एक पाऊल पुढे आली. मग हळूच म्हणाली, "आणि घड्याळ?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बरं वाटत होतं. म्हटलं, असू दे." बाबा पायरीवर बसले. एकदम त्यांच्या काहीतरी लक्षात आले. "थांब. घड्याळपण सरळ केलंस?"

तिने मान डोलावली.

"म्हणजे मी दहा मिनिटं उशिरा निघालो. नाहीतर पंपावर टँकर लागायच्या आधीच पोचलो असतो."

"मी नेम धरला होता हो. खोटं नको म्हणून." ती म्हणाली. "आणि सांगायचंच राहिलं."

"माझं तरी कुठं सांगून झालं होतं?" ते म्हणाले आणि त्यांनी तिला शेजारी बसायला जागा केली.

मित्रांनो, पुढे बरीच वर्षे गेली. घरात नवी गाडी आली. मला पोत्याखाली पाठमोरे उभे केले. उंदरांनी माझी वायर कुरतडली, काचेत धुके साचले, आणि वर्षानुवर्षे कुणी चावी फिरवली नाही. मी कुरकुर करत नाही. जुन्या वस्तूंनी वाट बघायची असते. शेवटी एका हाताने ते पोते उचलले, वायर नवी जोडली, काच पुसली. तो हात भिंगरीचा होता. ती आता मोठी आहे आणि आपल्या दोन पायांवर चालते.

तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल. भिंतीवरचे घड्याळ असेल, वजनाचा काटा असेल, तापमापक असेल. त्याची काच पुसत जा. त्याला मायेनेसुद्धा खोटे बोलायला लावू नका. आणि कधी वाकवलेच असेल, तर सरळ करताना घरातल्यांना सांगा. नुसते सरळ करणे पुरत नाही.

पण माझ्या मनात कायम राहिला आहे तो त्या पुढचा शनिवार.

आदल्या रविवारी दोघांनी मिस्त्रीसमोर टाकी रिकामी करून एकेक लिटर पुन्हा ओतले होते. बाबा आकडे सांगत, ती कागदावर रेघा मारत होती. तो कागद तिने टाकीवर चिकटवला. सर्वांत खाली तिच्या अक्षरात लिहिले होते, 'लाल म्हणजे संपले.' लाँड्रीच्या मालकाला तिने आयुष्यात पहिल्यांदा सांगितले, या शनिवारी मी येणार नाही.

शनिवारी घड्याळात बरोबर बारा वाजले होते. पेट्रोल शुक्रवारीच भरून ठेवलेले. बाबांनी चावी फिरवली आणि मी तळापासून उठत उठत पांढऱ्या रेघेवर जाऊन थांबलो. त्यांनी वाकून मला पाहिले. या वेळी ते हसले नाहीत. नुसती मान डोलावली, एखाद्या माणसाचे म्हणणे पटल्यासारखी.

मागे भिंगरीची आई बसली. तिच्या मांडीवर एका पिशवीत लहान मुलीचे नवे बूट होते, दोन्ही पायांचे.

"निघायचं?" त्यांनी विचारले.

"हो," ती म्हणाली.

गाडी गल्लीतून हळूच बाहेर पडली.